जड पाण्यातली हिरवी टाकी

शेतकरी विहिरीचं पाणी बघून पीक ठरवतो. माशांच्या टाकीत जिवंत झाडं लावताना मात्र बहुतेक जण आधी फोटो बघून रोपं मागवतात, घरात येईल त्या पाण्यात सोडतात आणि तिसऱ्या आठवड्यात कुजलेली पानं काढत बसतात. मराठवाड्यात हे जास्त होतं, कारण इथलं जमिनीतलं पाणी जड, उन्हाळा कडक आणि वीज बेभरवशाची. या तिन्ही गोष्टी धरूनच परभणीत २ फुटांची एक टाकी ऑक्टोबरात लावली आणि तिनं मे पार केला. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नाही, परदेशी माती नाही. काय केलं, किती मापानं केलं आणि कुठं बिघडलं ते लिहितो.

पहिली खरेदी काचेची नव्हती, टीडीएस मीटरची होती. पेनासारखं हे साधन काही शे रुपयांत मिळतं आणि पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगतं. आमच्या बोअरचं पाणी ११५०, महापालिकेच्या नळाचं ३४०, घरच्या आरओचं ६० निघालं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानतं आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे ११५० माणसाला निभतं. झाडांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना नुसते एकूण क्षार नाही, त्यातला कठीणपणा आणि बायकार्बोनेट किती हे महत्त्वाचं. त्यासाठी थेंबांची चाचणी किट येते. ती नको असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. अहवालात कठीणपणा मिलिग्रॅममध्ये येतो, त्याला १७.९ नं भागलं की टाकीवाल्यांचे ‘अंश’ मिळतात. आमचे ४८० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ २७ अंश. साबणाला फेस न येणारं आणि डाळ लवकर न शिजवणारं पाणी ते हेच.

असल्या पाण्यात झाडं जगत नाहीत असं नाही. काही तर खुशाल जगतात. पण बायकार्बोनेट जास्त असलं की पीएच ८ च्या आसपास राहतो, पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड फार थोडा उरतो आणि लोह झाडाच्या हाती लागत नाही. म्हणून १ भाग बोअर आणि २ भाग आरओ असं मिश्रण ठरवलं. हिशेब सरळ आहे: ११५० अधिक ६० दुणे १२०, एकूण १२७०, भागिले ३, म्हणजे ४२३. कठीणपणाही २७ वरून ९ अंशांवर आला. नुसतं आरओचं पाणी कधीच भरू नये. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास नसतात आणि पीएच धरून ठेवायला काहीच नसल्यानं तो अचानक घसरतो. बोअरमुळं कॅल्शियम-मॅग्नेशियम फुकट मिळतं, ते का सोडायचं?

तीन पाणी टाकीला चालत नाहीत, आणि तिन्ही घरात सहज असतात. एक, आरओमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशीला वापरावं. दुसरं, मिठावर चालणाऱ्या वॉटर सॉफ्टनरचं पाणी. ते मऊ लागतं, साबणाला फेस येतो, पण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं आणि टीडीएस तिथल्या तिथं राहतो. तिसरं, पावसाळ्यात गढूळ पाण्यावर तुरटी फिरवून निवळलेलं. तुरटी पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच धरून ठेवणारं बायकार्बोनेट, खाते. नळाचं आणि टँकरचं पाणी घेत असाल तर क्लोरीनचं बघा. टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर कुणी किती टाकली ते कळत नाही, म्हणून अशा पाण्यात दुकानातले अँटी-क्लोरीन थेंब बाटलीवरच्या मापानं घालून मगच ते वापरावं. बोअरचं पाणीही उपसल्या उपसल्या ओतू नये. जमिनीखालून येताना त्यात ऑक्सिजन कमी आणि इतर वायू जास्त असू शकतात. बादलीत रात्रभर उघडं ठेवून त्यात एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे काढणारा हवेचा दगड सोडला की काम होतं.

टाकी २४ × १२ × १२ इंचांची, ५ मिलिमीटर काचेची. कागदावर ती ५६ लिटरची दिसते. वाळू घालून, वर दीड इंच मोकळं ठेवलं की पाणी बसतं ४० लिटर. खताची सगळी मापं या ४० लिटरवर काढायची, ५६ वर नाही. नवख्यांचं खत इथंच जास्त होतं. काच ९ किलो, पाणी ४०, वाळू १७, दगड-लाकूड धरून वजन ७० किलोच्या घरात जातं, त्यामुळं टीपॉय किंवा भिंतीतली फळी नको. लोखंडी स्टँड, त्यावर १८ मिलिमीटरचा प्लायवूड आणि काचेखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल. जागा ठरवताना पश्चिमेची भिंत टाळली. ती दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडते. पत्र्याखालच्या खोलीत तर उन्हाळ्यात टाकी वाचवणं फार अवघड.

मग मातीचा प्रश्न. घराबाहेर उत्तम काळी कसदार जमीन असताना दुकानातली पिशवी का आणायची, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. काळ्या मातीत अन्नद्रव्य धरून ठेवायची ताकद मोठी आहे, हे खरं. पण तिचा चिकणमातीचा कण अतिशय बारीक असतो आणि पाण्यात फुगतो. वरचा वाळूचा थर जरासा हलला तरी पाणी आठवडाभर गढूळ राहतं. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात, ते हळूहळू विरघळून आरओ घालून कमावलेला मऊपणा घालवतात. नर्सरीतली तांबडी माती चालली असती, पण तिच्यात बहुधा शेणखत मिसळलेलं असतं. पाण्याखाली शेणखत कुजलं की अमोनिया सुटतो. म्हणून पहिल्या टाकीला माती घातलीच नाही. नुसती जाड वाळू आणि मुळांपाशी खताच्या गोळ्या. लावलेलं रोप उपटून दुसरीकडं लावता येतं, हा वाळूचा मोठा फायदा. आणि पहिल्या वर्षी तशी वेळ बरेचदा येते.

वाळू बांधकामाच्या साहित्याच्या दुकानातून आणली. दोन चाळण्यांनी चाळून २ ते ४ मिलिमीटरचा दाणा ठेवला. बारीक पूड दाबून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. मोठ्या खड्यात रोप उभंच राहत नाही. आपल्याकडच्या नदीच्या वाळूत बेसॉल्टच्या काळ्या दाण्यांबरोबर चुनखडीचे पांढुरके दाणे येतात. मूठभर वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतायचं. बुडबुडे उठले की त्यात चुना आहे. आमच्या पहिल्या पोत्याला बुडबुडे आले, ती वाळू कुंड्यांना गेली. दुसरी घेतली ती शांत राहिली. १७ किलो वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन, हातानं घोळून, निवळ पाणी येईपर्यंत धुतली. त्याला अकरा-बारा पाणी लागली. पाण्याची टंचाई असेल तेव्हा हे काम झाडांच्या आळ्यापाशी बसून करावं. थर पुढं २ इंच आणि मागं ३ इंच.

दिव्याच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगलं, हा समज सोडावा लागतो. सिलिंडर नसलेल्या टाकीला लिटरमागं २० ते २५ लुमेन (उजेडाचं माप) पुष्कळ. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २ फुटी, १० वॅटची, ६५०० केल्विनची पांढरी एलईडी बॅटन साधारण १००० लुमेन देते. ४० लिटरला ती बरोबर २५ होते. दोन बॅटन लावल्या तर झाडांना प्रकाश मिळतो पण कार्बन पुरत नाही, आणि तो उरलेला प्रकाश शेवाळ वापरून घेतं. पहिले तीन आठवडे रोज ६ तास, नंतर ७, मग ८. आठाच्या वर कधी नेलं नाही.

दिवा टायमरवर हवा. इथं भारनियमनाचा फटका वेगळ्या प्रकारे बसतो. फिरत्या चकतीचा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढ्यानं मागं पडतो. रोज दोन तास वीज जात असेल तर आठवड्यात त्याचं घड्याळ १४ तास चुकतं आणि दिवा मध्यरात्री लागतो. आतमध्ये छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. तो वीज नसतानाही वेळ धरून ठेवतो.

फिल्टरसाठी स्पंज फिल्टर आणि एअर पंप निवडला, त्यालाही कारण वीजच. मोटारीच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये वीज गेल्यावर आतलं पाणी साचतं, काही तासांत ऑक्सिजन संपतो, उपयोगी जिवाणू मरायला लागतात, आणि वीज आली की ती घाण टाकीत येते. स्पंज टाकीतच उघडा असतो, त्याला एवढा त्रास होत नाही. एअर पंप चार्जिंगच्या बॅटरीचा घेतला. वीज गेली की तो आपोआप बॅटरीवर चालतो. पंप टाकीच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवाच. नाहीतर हवा थांबताच टाकीतलं पाणी नळीतून उलटं येतं, पंप जळतो आणि खोलीभर पाणी होतं. वीस-तीस रुपयांची ही वस्तू उलटी बसवली तर हवाच जात नाही, म्हणून आधी फुंकून बाणाची दिशा बघावी.

आता झाडं. जड पाण्यात कुठली झाडं टिकतात हे शोधायला लांब जायचं कारण नाही. व्हॅलिस्नेरिया, लांब फितीसारख्या पानांची, आणि हायड्रिला आपल्या नद्या-तळ्यांतल्याच. या दोघी पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतात, म्हणून जड पाणी त्यांना अडचणीचं नाही. असं करताना पानावर चुन्याचा पांढरा खरखरीत थर बसतो. तो रोग नव्हे. हायग्रोफिला पॉलिस्पर्माही भारतातलीच आणि भराभर वाढणारी. नीरब्राह्मी, म्हणजे बॅकोपा, ओढ्याच्या ओल्या काठावर वाढते आणि खारट पाणीसुद्धा सोसते. ती नर्सरीत मागताना जपावं: ब्राह्मी म्हणून बरेचदा मंडूकपर्णी दिली जाते. गोलसर, कातरलेल्या काठाचं पान ते मंडूकपर्णीचं. छोटी, जाडसर, लांबट पानं जोडीजोडीनं असतात ती नीरब्राह्मी. यांच्या जोडीला सावकाश वाढणारी अनुबियास नाना आणि क्रिप्टोकोरिन वेंडटी.

हायड्रिला मात्र लावली नाही. ती इतकी वाढते की बाकी झाडांना उजेड राहत नाही. तळ्यातून आणलेल्या झाडांबरोबर चतुराच्या अळ्याही येतात, आणि त्या माशांची पिल्लं धरून खातात.

दुकानात एक मोठी फसगत होते. लकी बांबू, जांभळ्या पानांची हेमिग्राफिस, पट्ट्यापट्ट्याची ड्रॅसिना ही जमिनीवरची झाडं पाण्यात बुडवून ‘जलवनस्पती’ म्हणून विकली जातात. महिना-दोन महिने ती हिरवी दिसतात, मग खालून सडतात आणि पाणी नासवतात. पाण्याबाहेर काढल्यावर जे पान ताठ उभं राहतं त्याबद्दल दुकानदाराला दोनदा विचारावं. पण हा एकच निकष धरू नये, कारण खरी जलझाडंही रोपवाटिकेत पुष्कळदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात.

२ फुटांच्या टाकीत पहिल्याच दिवशी व्हॅलिस्नेरियाची १२ रोपं, हायग्रोफिलाच्या १५ आणि नीरब्राह्मीच्या १० काड्या, क्रिप्टोकोरिनची ५ रोपं, अनुबियासचे २ तुकडे आणि वर तरंगायला मूठभर सेराटोफायलम इतकं लावलं. महाग वाटतं. पण तळाचा ६०-७० टक्के भाग पहिल्या दिवसापासून झाडाखाली असेल तर शेवाळाला जागाच मिळत नाही. चार रोपांनी सुरुवात करून ‘वाढली की भरेल’ म्हणणाऱ्यांच्या टाक्या शेवाळानं भरतात. रोपं कुरिअरनं मागवायची तर सोमवारी पाठवायला सांगावं, म्हणजे पार्सल रविवारी गोदामात पडून राहत नाही. एप्रिल-मे महिन्यात मागवूच नयेत, बंद डब्यात ती शिजतात.

आलेली रोपं आधी पांढऱ्या टबात पसरली. बुडाला गुंडाळलेली शिशाची पट्टी, कुंडीतला लोकरीसारखा पुंजका, पिवळी पानं सगळं काढलं. गोगलगाईच्या अंड्यांसाठी लिटरला १० ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे, तुरटीची पूड विरघळवून त्यात अडीच तास बुडवून ठेवली आणि मग साध्या पाण्यात तीनदा धुतली. तुरटीचा उपयोग एवढ्यापुरताच. ते पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही.

लावताना टाकीत पाणी फक्त ३ इंच ठेवलं. व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिनची मुळं कात्रीनं २ इंचांवर कापली. मुळं आणि पानं जिथं मिळतात तो गड्डा वाळूच्या वर दिसला पाहिजे. तो गाडला की आठवड्यात सडतो. सोपी रीत म्हणजे रोप जरा खोल खोचायचं आणि मग पांढरा भाग दिसेपर्यंत वर ओढायचं. हायग्रोफिला आणि नीरब्राह्मीच्या काड्या ५ इंचांच्या केल्या, खालच्या दोन पेरांवरची पानं काढली आणि लांब चिमट्यानं एक एक, इंचभर अंतरानं, तिरकी खोचली. जुडी करून लावली तर आतल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि मधूनच सडायला सुरुवात होते. अनुबियासचं आडवं खोड तर वाळूत जाताच कामा नये. ते दगडाला काळ्या सुती दोऱ्यानं बांधलं. सायनोअॅक्रिलेटचा जेल डिंकही चालतो, एक थेंब पुरे. मग रोपांवर प्लास्टिकची पिशवी पसरून तिच्यावर मगानं हळूहळू पाणी ओतलं; १३ लिटर बोअर, २७ लिटर आरओ.

दहाव्या दिवशी क्रिप्टोकोरिनची सगळी पानं पारदर्शक होऊन गळाली. पाणी बदललं की हे झाड असंच करतं. गड्डा घट्ट असेल तर ते मेलेलं नाही. उपटायचं नाही, कुजलेलं पान फक्त उचलून घ्यायचं. तिसऱ्या आठवड्यात मधून नवी, अरुंद पानं आली. हायग्रोफिलाचीही खालची पानं गळाली आणि शेंड्याला पाण्यातली नवी फिकट पानं फुटली. पाण्याबाहेर वाढलेलं जुनं पान पाण्याखाली कामाचं नसतं, झाड ते टाकून नवं घेतं. या काळात खत वाढवणं, दिवा वाढवणं, रोपांची जागा बदलणं यातलं काहीही केलं तर नुकसानच होतं.

मासे पाचव्या आठवड्यात सोडले. तोवर रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून त्यातून सुटणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू दिले आणि किटनं अमोनिया, नायट्राइट बघत राहिलो. आपल्याकडं घाई जास्त महागात पडते, त्याचं कारण रसायनशास्त्रात आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी भाग पीएच आणि तापमान या दोन्हींबरोबर वाढतो. पीएच ७ आणि २५ अंश सेल्सियसला तो साधारण अर्धा-पाऊण टक्का असतो. पीएच ८ आणि ३० अंशांना साडेसात टक्के, म्हणजे दहापटीहून अधिक. मऊ, थंड पाण्यात निभावणारी चूक परभणीत मासे मारते. दोन्ही चाचण्या सलग तीन दिवस शून्य आल्यावर ६ गप्पी आणि २ प्लॅटी सोडले. त्यांना जड पाणी मानवतं. गोल्डफिश झाडं खाते, तिला या टाकीत जागा नाही.

सातव्या आठवड्यात हायग्रोफिलाचे शेंडे पिवळे पडले. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. चुनखडीच्या रानात उसावर जो केवडा पडतो, तोच हा. लोह कमी होतं असं नाही, पीएचमुळं झाडाला मिळत नव्हतं. उपायही शेतातलाच. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे लोह विरघळलेलं धरून ठेवणाऱ्या रसायनाला जोडलेलं लोह, मिळतं, पण ते रसायन कोणतं हे पाकिटावर वाचून घ्यावं. ईडीटीएची पकड साधारण पीएच ६.५ च्या वर सैल होते, डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतं, ईडीडीएचए ९ पर्यंत. आमचा पीएच ७.७, म्हणून ६ टक्के लोहाचं ईडीडीएचए घेतलं. ५ ग्रॅम पूड ५०० मिलिलिटर आरओच्या पाण्यात विरघळवून गडद बाटलीत ठेवली. तिच्यातले ७ मिलिलिटर ४० लिटरला दिले की लिटरला ०.१ मिलिग्रॅम लोह होतं. आठवड्यातून एकदा. पाण्याला किंचित लालसर झाक येते, ती दोन-तीन दिवसांत फिकी होते. नवी पानं दोन आठवड्यांत हिरवी आली. जुनी पिवळी पिवळीच राहिली, ती सुधारत नाहीत. म्हणून गुण आला की नाही ते नेहमी शेंड्यावर बघावं.

बाकीची खतंही ठिबकवाल्या शेतकऱ्याच्या घरात असतात. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट: ५० ग्रॅम ५०० मिलिलिटर पाण्यात, त्यातले ३ मिलिलिटर आठवड्याला दिले की ४० लिटरमध्ये लिटरला साडेचार मिलिग्रॅमच्या जवळपास नायट्रेट मिळतं. ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट: ५ ग्रॅम ५०० मिलिलिटरमध्ये; त्यातले ३ मिलिलिटर. सिलिंडर नसलेल्या टाकीला एवढं पुरतं. जुन्या पानांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली की पालाश कमी, जुनी पानं सरसकट पिवळी पडली की नत्र कमी. मात्र शेताजवळच्या बोअरमध्ये नायट्रेट आधीच भरपूर असू शकतं, म्हणून १३:००:४५ देण्याआधी बोअरच्या पाण्याची नायट्रेट चाचणी करावी. ते जास्त निघालं तर त्याऐवजी ००:००:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, वापरावं. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो: १९:१९:१९, युरिया, डीएपी टाकीच्या जवळही आणू नका. त्यातला बहुतेक नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. या पीएचला त्याची चिमूटही माशांना मारू शकते. मुळांपाशी मत्स्यालयाच्या दुकानातल्याच गोळ्या खोचल्या, दर ६ इंचांवर एक, दर तीन महिन्यांनी.

शेवाळ आलंच. दुसऱ्या आठवड्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी भुकटी बसली. नव्या टाकीत ती येते, बोटानं पुसली जाते आणि महिन्यात आपोआप जाते. नवव्या आठवड्यात अनुबियासच्या कडांवर काळे दाट केसाळ झुपके आले, ते मात्र हट्टी. दगडासकट अनुबियास बाहेर काढून झुपक्यांवर मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशनं लावलं, पाच मिनिटांनी धुऊन परत ठेवलं. दोन दिवसांत झुपके गुलाबी होऊन गळाले. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणारं ग्लुटराल्डिहाइड या टाकीत वापरलं नाही, कारण त्यानं व्हॅलिस्नेरिया आणि सेराटोफायलम विरघळतात. शेवाळ दिसलं की सगळं पाणी फेकून टाकी धुऊन काढायची सवय सोडावी. त्यात जिवाणूही जातात आणि पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात होते. दर रविवारी १२ लिटर बदलायचे, ४ बोअरचे आणि ८ आरओचे. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दाबून धुवायचा. नळाखाली नाही.

डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा रात्री १० च्या खाली जातो. टाकीतलं पाणी १९ वर आलं, तेव्हा ५० वॅटचा हीटर २४ वर लावला. पाणी बदलताना तो आधी बंद करून वीस मिनिटं थांबायचं, नाहीतर उघड्या पडलेल्या हीटरची काच तडकते.

खरी कसोटी एप्रिलच्या मध्यापासून लागली. खोलीत ३७-३८, टाकीत ३३. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ ला सातही नाही; आणि रात्री झाडंही तो वापरतात, म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून दिसतात. बर्फाच्या बाटल्या टाकल्यानं तापमान झटक्यात खाली-वर होतं, ते जास्त वाईट. त्याऐवजी संगणकातला १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा पंखा जुन्या राउटरच्या अॅडॅप्टरवर जोडून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला. कुलर ज्या कारणानं मराठवाड्यात काम करतो त्याच कारणानं हा करतो: हवा कोरडी, बाष्पीभवन जोरात. पाणी ३० वर आलं. दिवा ६ तासांवर आणला आणि संध्याकाळी ५ नंतर ठेवला. खाद्य निम्मं केलं. क्रिप्टोकोरिनची काही पानं तरीही गेली. व्हॅलिस्नेरियाला काही झालं नाही.

पंख्यामुळं रोज सव्वा लिटर पाणी उडतं, आणि इथंच न दिसणारी चूक होते. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागं राहतात. रोजची तूट बोअरनं भरली तर महिन्यात ३७ लिटर बोअर आत जातं, म्हणजे ४२ ग्रॅम क्षार. मधे पाणी बदललं नाही तर ४२० चा टीडीएस १४५० च्या पुढं पोचतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओनं, आणि बदलाचं पाणी मिश्रणाचं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी मे महिन्यात हाताला चटका देतं, बादली सकाळी सहालाच भरून ठेवावी.

छाटलेल्या काड्या आणि व्हॅलिस्नेरियाची पिल्लं दर पंधरवड्याला मूठभर निघतात. मित्रांना देऊन उरलेली गच्चीवर कडक वाळवून कुंडीत घालतो. ओढ्यात, तलावात किंवा गोदावरीत टाकत नाही. पाण्यात सोडलेली जलपर्णी काय करते ते गोदाकाठच्या माणसांना ठाऊक आहे, आणि माशांच्या टाक्यांत ठेवल्या जाणाऱ्या पिस्टिया, साल्विनिया या तरंगत्या वनस्पती तिच्याच वाटेनं जातात.

जूनमध्ये आरओवरचा भार कमी करायची सोय आहे. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचे, मग पन्हाळीखाली २०० लिटरचा ड्रम लावायचा. या वर्षी त्यातल्या पाण्याचा टीडीएस २८ निघाला. सिमेंटच्या गच्चीवरून येताना थोडा चुना मिसळतो, तेवढा चालतो. आता १ भाग बोअर आणि २ भाग पावसाचं पाणी असं चाललंय. ड्रमच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलंय आणि झाकण वर ठेवलंय.